शिरपाची फळी

४ जानेवारी, सकाळी ९.१०

शेपटी मावत नाही.

खड्डा दोन हात लांब आणि वीतभर खोल झाला आहे. खाली कातळ. कुदळ मारली की ठिणगी उडते आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. शेजारच्या धोंडीबाईकडून पहार आणली. पहारीने कातळाचा टवका उडाला, तो माझ्या नडगीवर बसला. हळद लावायला आत आलो आहे, तेवढ्यात ही नोंद.

शिरपा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत चार फूट. त्यातली पावणेतीन फूट शेपटी. इग्वाना पाळायला घेताना हे कोणी सांगत नाही.

बायको जयश्रीचे म्हणणे, शेपटी दुमडा. मी म्हटले, मृताचा मान राखला पाहिजे. खड्डा मोठा होईल.

९.५०

खड्डा मोठा झाला नाही. लेक राही आत उतरली. गुडघे टेकून तिने शिरपाला तो झोपायचा तसे वळवले. शेपटी अंगाभोवती, टोक हनुवटीखाली. मावला. हे मला सुचलेच होते, पण मी पहारीत गुंतलो होतो.

धोंडीबाई पहार न्यायला आली. म्हणाली, “पुरलास पण? अरे तुळशीदास, चरबी तरी काढायची होतीस. माझे गुडघे बघ.” तीन वर्षे या बाईला सांगतो आहे की ही घोरपड नाही. घोरपड वेगळी, इग्वाना वेगळा. हा फक्त पाला खायचा. यावर ती म्हणाली, मग तर चरबी चांगलीच असणार.

संध्याकाळी ६.३०

ही रोजनिशी १ जानेवारीला सुरू केली. पहिली दोन पाने फाडली आहेत. पेन गळत होते.

शिरपा काल शनिवारी सकाळी गेला. राहीने त्याला दिवसभर उन्हात धरून ठेवले, गरम पाण्याची पिशवी लावली. उपयोग झाला नाही. मृत्यू नैसर्गिक.

संकल्प:
खचायचे नाही.
शिरपावर एक लेख लिहायचा. हजार शब्द. शक्य झाल्यास दोन हजार.
स्मारक उभारायचे. बाराव्या दिवसाच्या आत, म्हणजे १४ तारखेपर्यंत.

राही माझ्याशी बोलत नाही. सातवीतल्या मुलीला दुःख व्यक्त करता येत नाही. दोन दिवस लागतील.

५ जानेवारी, पहाटे ५.५०

पहाटे पाचला उठण्याचा संकल्प पाळला. पाच वाजून पन्नास मिनिटे म्हणजे पाचच.

टेबललॅम्प उत्तम आहे. नाशिकहून खास रोजनिशीसाठी आणला. मान हवी तशी वळते. वहीवर गोल पिवळा उजेड पडतो, हाताला ऊबही लागते. खोलीतल्या एकमेव सॉकेटवरून आता भांडण राहिले नाही.

शिरपा आला तो दिवस आठवतो. जयश्रीचा भाऊ पंढरी ठाण्याला एका सोसायटीत वॉचमन आहे. तिथला एक भाडेकरू परदेशी गेला. जाताना काचेची पेटी विकली आणि आतला प्राणी पंढरीच्या हातात दिला. पंढरीने तो फुलकोबीच्या क्रेटमध्ये घालून एसटीने मोखाड्याला आणला. मी पाहताक्षणी ओळखले की हा आपल्या घरचा आहे. तसे बोलूनही दाखवले.

जयश्रीच्या आठवणीप्रमाणे मी म्हणालो, घाटात सोडून दे. ‘घाट’ हा शब्द मी वापरला असेन. पण तो निसर्गसौंदर्याच्या संदर्भात.

नावही मीच ठेवले. त्याच्या पाठीवरचा तुरा पाहून शिरपामाळ आठवला. महाराज तिथे थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, असे सांगतात. राही त्याला आधी ‘हिरवा’ म्हणत होती. तिच्या मानाने ते बरे होते.

मृत्यूचे कारण: वार्धक्य.

५ जानेवारी, संध्याकाळी ७

पंढरीचा फोन. शिरपा पाच वर्षांचा होता म्हणे. हे प्राणी पंधरा-वीस वर्षे जगतात. पंढरी विचारत होता, “दाजी, झालं काय नेमकं?” मी म्हटले, रेंज नाही.

वार्धक्य रद्द. कारण: हवामान. मूळचा तो दक्षिण अमेरिकेचा. मोखाड्याच्या थंडीवर कोणाचाच इलाज नाही.

६ जानेवारी, पहाटे ६.२०

काल ऑफिसात अर्ज दिला. घरातील सदस्याच्या निधनामुळे दोन दिवसांची रजा. हेडक्लार्कने विचारले, नाते काय. मी आवक-जावक टेबल अठरा वर्षे सांभाळतो, मला नियम ठाऊक आहेत. लिहिले: अवलंबित. अर्ज परत आला. त्यावर कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, “रस्सा पातळ केला की घट्ट?”

दिवसभर सगळे पातळ आणि घट्ट या दोनच शब्दांत बोलत होते. चहाबद्दलसुद्धा.

दुर्लक्ष केले. चहा घेतला नाही. डोके दुखले.

७ जानेवारी, पहाटे ५.५५

लेखाचा आरंभ: ‘काही नाती शब्दांच्या पलीकडची असतात.’ पुढचे शब्द आले नाहीत. तरी सुरुवात दमदार आहे.

शिरपा आणि मी, आमचे जमायचे ते एका गोष्टीमुळे. मी बोलू लागलो की तो मान डोलवायचा. ऑफिसातले राजकारण, आहारातले मीठ, राहीचे गणित, काहीही असो. मी खुर्चीत, तो समोरच्या शोकेसमध्ये. (जुन्या शोकेसला जाळी मारून मी त्याचे घर केले होते. म्हणजे जयश्रीने केले. जाळी मी आणली.) मी मुद्दा मांडायचा, तो वर-खाली, वर-खाली. या घरात माझ्याशी सहमत असणारा तो एकटाच.

राहीने एकदा मोबाईलवर काढून दाखवले होते की इग्वाना मान डोलवतो तेव्हा तो समोरच्याला ‘जवळ येऊ नको’ असे बजावतो. मोबाईलवर काय वाट्टेल ते असते.

माझ्या उजव्या मनगटावर त्याच्या शेपटीचा वळ अजून आहे. प्रेमाची खूण.

राही पाचव्या दिवशीही गप्प. मी समोर असलो तरी आईकडे बघून बोलते. “आई, बाबांना सांग, डबा राहिला.” मी म्हणालो, मला ऐकू येते. ती आईला म्हणाली, “आई, बरं झालं सांग.”

८ जानेवारी, संध्याकाळी ७.४०

स्मारकाचे काम मार्गी लागले.

अर्धा दिवस टाकून जीपने जव्हारच्या अलीकडे एका पाड्यावर गेलो. तिथे जिवा सुतार राहतो. या भागात गेलेल्या माणसाच्या नावाने लाकडाची कोरीव फळी गावाबाहेर उभी करतात, तिला वीर म्हणतात. जिवाचा बाप ते कोरायचा, आता जिवा कोरतो. आमच्या घराण्यात ही पद्धत नाही. पण सिमेंटचा चौथरा शिरपाला शोभला नसता. माझी दृष्टी अशा बाबतीत सूक्ष्म आहे.

जिवा प्रथम नाही म्हणाला. वीर माणसाचा. मग म्हणाला, “बैलाची एकदा कोरलेली बापानं. पर तिला वीर नाय म्हणायचं. फळी म्हणू.” मी म्हटले, फळी तर फळी.

फळीची रीत त्याने समजावून दिली. वर सूर्य आणि चंद्र. मधे गेलेला. खाली, ज्याने गेला ते. चौथे काही नसते. अंगणात दोन जुन्या फळ्या भिंतीला टेकून होत्या. एकीवर खाली मोहाचे झाड, एकीवर पाण्याच्या रेघा. तिसरी अजून ओली होती, नुकती कोरलेली. तिच्यावर खाली बांबूंची परांची. मी विचारले, हा कोण. जिवा म्हणाला, “ठाण्याला कामाला गेलता. माझा पुतण्या.” मी चष्मा काढून पुसला.

नंतर माझी कल्पना सांगितली. मध्यभागी मी उभा, खांद्यावर शिरपा. जिवाने मान हलवली. “भाऊसाहेब, तुमी गेलाव का? गेलेला मधी येतो. नायतर मग खाली.”

नियमाचा माणूस आहे. पण मी त्याला हळूहळू राजी करेन. फळीवर मी नसलो तर पुढच्या पिढीला संदर्भ कसा लागणार?

निघताना त्याने विचारले, “कशानं गेला त्यो?”

म्हटले, कळवतो.

१० जानेवारी, पहाटे ६.०५

जिवाला शिरपाचा फोटो हवा आहे. माझ्या मोबाईलमध्ये त्रेसष्ट निघाले. एकसष्ट फोटोंत तो राहीच्या अंगावर आहे. डोक्यावर, दप्तरावर, अभ्यास करताना मांडीवर. ती शेवग्याचा पाला धरते आहे आणि त्याने डोळे अर्धे मिटले आहेत. एका फोटोत तो एकटा, धोंडीबाईच्या पत्र्यावर, उन्हात पसरलेला.

माझ्याबरोबरचा एक आहे. शिरपामाळावर काढलेला. त्या रविवारी मी त्याला फिरायला नेले होते. मुंबईचे पर्यटक जमले, सगळ्यांना आमच्याबरोबर फोटो हवे होते. एकाने मला नम्रपणे बाजूला उभे राहायला सांगितले. त्या फोटोत शिरपा आहे, पर्यटकांचे कुटुंब आहे, आणि डाव्या कडेला माझे कोपर. कोपर स्पष्ट आले आहे.

तो फोटो जिवाला पाठवला. सोबत लिहिले, कोपराकडे लक्ष द्यावे.

११ जानेवारी, सकाळी ८

लेख चारशे शब्द झाला. माझे बालपण, जव्हारचे शिक्षण, नोकरी लागली ते वर्ष. शिरपा अजून यायचा आहे. पार्श्वभूमी पक्की असली की पात्र आपोआप उभे राहते.

जयश्रीला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. संपल्यावर म्हणाली, “अहो, तो काय खायचा ते तरी लिहा.” मी म्हटले, मारी बिस्किट. तिने मेथी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिले. परत उचलली.

मी त्याला रोज संध्याकाळी मारी बिस्किट द्यायचो. तो माझ्यासमोर खायचा नाही, त्याला संकोच वाटायचा. नंतर पाहिले की बिस्किट नसायचे.

११.३०

बिस्किटे धोंडीबाईची कोंबडी खायची. तीन वर्षे. हे सगळ्यांना माहीत होते.

१२ जानेवारी, संध्याकाळी ७.१५

जिवाचा फोन. सूर्य झाला. चंद्र झाला. शिरपा तुऱ्यापर्यंत झाला, शेपटी राहिली आहे. कोपर काय आहे ते कळले नाही म्हणून सोडून दिले. आता खालचे सांगा.

मी म्हटले, खालची जागा मोकळी ठेव. आधुनिक वाटेल.

जिवा म्हणाला, मोकळी फळी पुरत नाहीत. मोकळी ठेवली तर गेलेला घरी येऊन विचारत बसतो.

मी अंधश्रद्धा मानत नाही. तसे त्याला सांगितले. मग शोकेसचे दार लावून घेतले.

१३ जानेवारी, पहाटे ६.१०

कारणांचा विचार केला. पर्याय असे: (अ) परदेशी रोग. कोरणार काय? (आ) धोंडीबाईच्या मांजराचा धसका. मांजर कोरता येईल, पण बाई रोज पाहणार. (इ) हवामान. थंडी कशी कोरतात?

राही दूध घ्यायला आली. लॅम्पकडे पाहिले आणि खोलीबाहेर गेली. दूध तसेच राहिले.

मुलांना एवढ्या पहाटे उठवू नये.

१४ जानेवारी, संध्याकाळी ८

संक्रांत. बारावा दिवस. स्मारक नाही. सुतारांवर विसंबून देश मागे राहिला आहे.

राहीने वाटी घेऊन सगळ्यांना तिळगूळ दिला. आईला दिला, म्हणाली गोड बोल. धोंडीबाईला दिला, म्हणाली गोड बोला आजी. व्हिडिओ कॉलवर पंढरीमामाला दाखवून स्वतःच खाल्ला. माझ्यापुढे आली, तळहातावर एक वडी ठेवली आणि थांबली. मी वाट पाहिली. तीही वाट पाहत असावी. मग ती गेली.

वडी चिवट होती. दात दुखतो आहे.

१५ जानेवारी, दुपारी १ (ऑफिस)

सुचले! विजेचा खांब.

थंडी होती, वीज गेली, शोकेसमधला उबेचा बल्ब विझला, शिरपा गेला. यात खोटे काही नाही. बल्ब विझला होता हे खरेच आहे. मोखाड्यात वीज जाते हेही खरेच आहे. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या.

जिवाला फोन केला. तो म्हणाला, खांब सोपा आहे, आजच करतो.

आठवडाभरात प्रथमच जेवण गेले. दाताकडचे सोडून.

१७ जानेवारी, संध्याकाळी ६.५०

अनर्थ.

जिवा बाजाराला आला होता. फळी पोत्यात गुंडाळून घरी दाखवायला आणली. सागाची, पुरुषभर उंच. मी मागे आंघोळीला गेलो होतो, म्हणून दारात राही भेटली. भिंतीआडून मला सगळे ऐकू आले. साबण डोळ्यांत गेल्यामुळे बाहेर येता आले नाही.

जिवा म्हणाला, “बग पोरी, हाय का तुजा शिरपा?”

फळीवरून हात फिरल्यासारखा आवाज आला. मग राही म्हणाली, तुरा बरोबर आहे, शेपटी राहिली आहे. आणि विचारले, खाली हा खांब कशाला?

“लाईट गेलती ना? भाऊसाहेब बोलले.”

राही म्हणाली, “लाईट नव्हती गेली, काका. बाबांनी बल्बचा प्लग काढून टेबललॅम्पचा लावला. लिहिता लिहिता झोपले. सकाळी सातला मी उठले तेव्हा लॅम्प चालूच होता. वहीवर.”

पुढे जिवा काय म्हणाला ते ऐकू आले नाही. पाणी गार झाले होते.

बाहेर आलो तेव्हा तो पोत्याची दोरी बांधत होता. मी म्हटले, लहान मुले संदर्भ सोडून बोलतात. तो म्हणाला, “खांब तं कोरून झाला, भाऊसाहेब. कोरलेलं खोडता येत नाय. त्याचं काय तरी बगतो.”

म्हणजे काय, ते त्याने सांगितले नाही. चहाही घेतला नाही.

१८ जानेवारी, सकाळी ७.३०

फाडलेल्या पानांवर काय होते ते मला नीट आठवत नाही. पेन गळत होते.

जयश्री म्हणते, तिला एक वाक्य ऐकायचे आहे, बस. मी म्हटले, एका वाक्यात अन्याय होतो. रीतसर निवेदन करतो.

दुपारी ४

निवेदन तयार केले. अकरा मुद्दे.

विषय: कै. शिरपा याच्या निधनाबाबत.
संदर्भ: आपली दि. १७ ची तोंडी टिप्पणी.

जेवणानंतर राहीला समोर बसवून वाचायला घेतले. पहिला मुद्दा रोजनिशीचे महत्त्व. दुसरा, खोलीत एकच सॉकेट असणे ही घरमालकाची चूक. तिसरा, त्या दिवशीचे असामान्य तापमान. चौथा मुद्दा असा होता: ‘सदर प्लग कोणी काढला हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवल्यास असे दिसून येते की...’

राही उठली. तिने लॅम्पचा प्लग काढला. शोकेसमागून बल्बची वायर ओढली आणि तो प्लग लावला. रिकाम्या शोकेसमध्ये बल्ब लागला. आत शेवग्याची वाळलेली काडी होती, ती दिसू लागली.

मग ती खेळायला गेली.

उरलेले सात मुद्दे जयश्रीलाही ऐकायचे नव्हते.

१९ जानेवारी, सकाळी ८.१०

पहाटे उठलो नाही. बल्ब रात्रभर चालू. कोणीही काढला नाही. मीही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

त्या उजेडात लिहिता येत नाही, लाल आहे. खुर्ची शोकेससमोर ओढून बसलो. तोंडावर ऊब येते. रात्री साडेसात अंश होते, असे रेडिओवर म्हणाले.

लेख थांबवला आहे. तात्पुरता.

२१ जानेवारी, सकाळी ८

जिवाला फोन केला. तीनदा. उचलत नाही. चौथ्यांदा त्याच्या बायकोने, रुपीने, उचलला. म्हणाली, ते फळीवर बसलेत. मी निरोप दिला की खालचा भाग तासून सपाट करावा. रुपीने निरोप आत सांगितला. आतून हसण्याचा आवाज आला. ती म्हणाली, “होईल बोलतात.”

माणूस शब्दाचा पक्का वाटतो. काळजीचे कारण नाही.

२४ जानेवारी, संध्याकाळी ६

फळी आली.

सूर्य आहे. चंद्र आहे. मधे शिरपा, शेपटी अंगाभोवती, टोक हनुवटीखाली. राहीने गुंडाळला होता तसाच. हे जिवाला तिनेच सांगितले असणार.

खाली खांब नाही. म्हणजे आहे, पण त्याची वरची मान वाकवून जिवाने त्याचा टेबललॅम्प केला आहे. वायरसुद्धा कोरली आहे. लॅम्पखाली टेबल. टेबलावर वही. वहीवर गाल टेकून एक माणूस झोपला आहे. हातात पेन.

मी म्हटले, हा कोण?

जिवा म्हणाला, “तुमाला यायचंच होतं ना फळीवर.”

माझे आक्षेप पुढीलप्रमाणे. माणसाला चष्मा नाही. पोट वाजवीपेक्षा मोठे आहे. तोंड उघडे आहे, मी तोंड मिटून झोपतो. जयश्रीला विचारले. ती म्हणाली, उघडे असते.

धोंडीबाई कमरेवर हात ठेवून पाच मिनिटे बघत होती. म्हणाली, “घोरपड तितकी नाही जमली. पण तुळशीदास हुबेहूब.”

उद्या रविवार. फळी पुरायची आहे. खड्डा मीच खणणार, असे जाहीर केले आहे.

हिशेब साधा आहे. खालच्या लॅम्पचे टोक फळीच्या पायापासून दोन फुटांवर येते. खड्डा दोन फूट खोल घेतला की माणूस, टेबल, लॅम्प सगळे मातीत. वर फक्त शिरपा, सूर्य आणि चंद्र. कोणाला काही सांगायची गरज नाही. फळी भक्कम राहावी म्हणून खोल पुरली, एवढेच.

२५ जानेवारी, दुपारी १२.४०

सात वाजता सुरुवात केली. जयश्री, राही, धोंडीबाई, जिवा, सगळे ओट्यावर बसून बघत होते. जिवाने दोनदा उठून मदत करतो म्हटले. मी नको म्हटले.

वीतभर खाली कातळ लागला.

जागा हातभर सरकवली. तिथेही कातळ. पलीकडे सरकवली. कातळ. शिरपाला डाव्या बाजूला सोडून चौथ्यांदा खणले. साडेनऊ वाजले. अंगणात चार वीतभर खड्डे आणि माझ्या तळहाताला तीन फोड. धोंडीबाई म्हणाली, नाचणीची रोपे लावायची आहेत का. कोणी हसले नाही. तीही नाही.

पहार घेतली आणि चौथ्या खड्ड्यात मारत राहिलो. कातळाला काही होत नव्हते. किती वेळ, ते माहीत नाही. राही ओट्यावरून उतरून शेजारी येऊन उभी राहिली. तिची चप्पल मला दिसत होती.

मी पहारीकडे बघून म्हटले, “मी काढला प्लग. परत लावायचा होता. झोपलो.”

मी परत पहार उचलली.

“पुरे, बाबा,” राही म्हणाली. “दिसू दे.”

बावीस दिवसांनी.

वीतभर खड्ड्यात फळी उभी केली. जिवाने चारी बाजूंनी दगड ठोकून बसवली. हलत नाही. माणूस पूर्ण वर आहे. लॅम्पसुद्धा.

फाडलेल्या पानांबद्दल. त्यांवर प्लगचे लिहिले होते. पेन गळत नव्हते.

२६ जानेवारी, सकाळी ९.१५

झेंडावंदन करून आलो. फळीपुढे शेवग्याचा ताजा पाला ठेवलेला होता. धोंडीबाईची कोंबडी फळीवर चढून बसली होती. तिची घाण सूर्यावरून ओघळून, शिरपाला चुकवून, खालच्या माणसाच्या डोक्यावर आली होती. राहीने ओले फडके आणून दिले. मी पुसले.